कोणीही न दाबलेलं बटण

३ नोव्हेंबर, सोमवार

उद्यापासून लिहीन, उद्यापासून लिहीन म्हणत दोन महिने घालवले. वही उशाशी पडून. तिच्यावर चहाच्या कपाची गोल खूण उमटली तेव्हा वाटलं, आता उघडू या, नाहीतर हिची बशीच व्हायची.

लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. मुहूर्तच लागेना. पेन उचललं की खाली गल्लीत कोणीतरी भांडायला लागायचं आणि मी खिडकीत. भांडण मिटेपर्यंत पेन कुठे ठेवलं ते विसरायचो.

तर— नोकरी आहे. अजून आहे! आजवर कुठे बूड टेकलं नाही. आज इथे, उद्या तिथे. कॉलेजने तर दुसऱ्याच वर्षी माझ्यापुढे हात टेकले. आता ‘खुशाली’त लागलोय. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठीचं ॲप. प्रत्येकाच्या घरी छोटा टॅबलेट, त्यावर एकच मोठं हिरवं बटण— ‘ठीक’. सकाळी उठलं की दाबायचं. नातेवाइकाच्या मोबाईलवर निरोप जातो. त्याने ‘पाहिलं’ दाबलं की म्हाताऱ्यांच्या पडद्यावर ते उमटतं. झालं! दोघं आपापल्या कामाला मोकळे. नऊपर्यंत ‘ठीक’ आलं नाही तर आमच्या फोनच्या खोलीतून चिमणी फोन करते. कोणी उचलला नाही तर शेजाऱ्याला. तोही नसेल तर माणूस धाडायचा. (चिमणी म्हणजे फोनवर बसणारी. आवाज चिमणीचा, जीभ सुरीची.)

माझं काम इशारे वाचायचं. पहिल्या दिवशी मास्तरांनी समजावलं. मास्तर म्हणजे आमचे मुख्य प्रोग्रामर. शिकवायची खोड म्हणून मास्तर. मला ‘पाहुणे’ म्हणतात, कारण मी फार दिवस टिकणार नाही अशी त्यांची खात्री.

“पाहुणे, हे ॲप आपण लिहिलंय असं बाहेर सांगतो. खरं म्हणजे आपण वरून फक्त मीठ घातलंय. बाकी सगळं उसनं!”

तारीख दाखवायचा तुकडा कोणा एकाने लिहिलेला, बटण रंगवायचा दुसऱ्याने. जगात कुठेकुठे बसलेली माणसं असे तुकडे लिहून फुकट ठेवतात. आपण उचलायचे. आणि त्या तुकड्यांच्या पोटात आणखी कोणाकोणाचे तुकडे! आमच्या ॲपमध्ये असे आठशेच्या वर आहेत. एवढ्या लोकांना मी आयुष्यात भेटलोही नसेन, आणि ते सगळे आमच्या घरात राहतात.

एखाद्या तुकड्याला भोक, म्हणजे चोर शिरेल अशी फट, सापडली की सकाळी माझ्या पडद्यावर इशारा येतो. लाल असेल तर त्या तुकड्याची नवी आवृत्ती घ्यायची. पिवळा असेल तर कारण लिहून गप्प करायचा. कारण सगळे एकच लिहितात— ‘आपल्याला लागू नाही.’ मी सुरुवातीला वेगवेगळी लिहायचो. मास्तर म्हणाले, “निबंध स्पर्धा नाही ही.”

४ नोव्हेंबर, मंगळवार

लाल एकही नाही. पिवळे पुष्कळ. गप्प केले. खिडकीबाहेर एसीच्या डब्यावर कबुतराने घरटं मांडलंय, काड्यांमध्ये आमच्याच केबलचा तुकडा. बघत बसलो. चहा गार.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसात केक! आणि तोही माझ्यामुळे!

मोठ्या बाई स्वतः सुरी घेऊन उभ्या. कंपनी त्यांचीच. त्यांची आई घरात एकटी पडून राहिली होती, कोणाला कळलं नाही, त्यानंतर काढलेली. एरवी हसत नाहीत. आज हसल्या. म्हणाल्या, “जवळपास तीन आठवडे झाले, नऊनंतर एकाही घरी फोन करावा लागला नाही.”

आधी रोज पंधरावीस जण तरी विसरायचे. आता एकही नाही. हे सगळं ‘निरोप्या’मुळे. त्या तुकड्याचं खरं नाव भलतंच आहे, आम्ही आपलं निरोप्या म्हणतो. नेट गेलं की निरोप धरून ठेवायचा आणि नेट आलं की पोचवायचा, एवढंच त्याचं काम. गेल्या महिन्यात त्याच्यावर लाल इशारा आला होता— जुन्याला भोक आहे, नवी आवृत्ती घ्या. मी घेतली. घेतली म्हणजे काय, एका ओळीतला आकडा बदलला. तेव्हापासून सगळी घरं हिरवी!

“म्हातारे दाबतच होते,” मास्तर म्हणाले. “जुना निरोप्या वाटेत सांडत होता. पाहुण्यांनी नवा नेमला.” टाळ्या. मला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या. कान लाल झाले असणार.

चिमणी मात्र कोपऱ्यात बशी धरून. म्हणाली, “माझा फोन वाजेना झालाय रे.”

“मग बरंच की. तुला काम नको आणि आरामही नको.”

“इतकी वर्षं मी यांच्याशी बोलतेय. चष्मा फ्रीजमध्ये ठेवून घरभर शोधणारी माणसं ही! आणि तीन आठवडे कोणी म्हणजे कोणी विसरत नाही? शांतता दोन जातींची असते. एक झोपलेल्या पोराची, आणि दुसरी—”

केकचा घास घेतला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी चिमणीने एक फोन माझ्याकडे ढकलला. मास्तर जागेवर नव्हते.

कोणाचा तरी मुलगा. आवाज फार शांत. म्हणाला, “बाबा गेले. मागच्या रविवारी. त्यांचं खातं बंद करायचं होतं.”

म्हटलं, हो, करतो.

“आणि एक विनंती. सकाळचा तो मेसेज तेवढा थांबवाल का? बायको घाबरते.”

“कुठला मेसेज?”

“ ‘बाबा : ठीक.’ उजाडायच्या आत येतो. आजही आला.”

पडद्यावर पाहिलं. होता. हिरवागार. विचारलं, टॅबलेट कोणाकडे आहे? म्हणाला, “माझ्या गाडीच्या डिकीत. बंद करून ठेवलाय, तुम्हाला परत द्यायला.”

फोन ठेवल्यावर लक्षात आलं— ‘ऐकून वाईट वाटलं’ एवढंसुद्धा म्हणालो नाही मी.

मास्तर आल्यावर सांगितलं. “अडकला असेल एखादा निरोप. सुटतो मागाहून.”

“रोज एक?”

मास्तर चष्मा पुसायला लागले. पुसलेलाच पुन्हा पुसला.

मग मी नको ते केलं. बाकीच्या घरांच्या वेळा पाहिल्या. हिरवं दिसलं की वेळ कोण बघतो! आजवर कोणी पाहिली नव्हती. सगळी घरं उजाडायच्या आत, एका दमात, एकापाठोपाठ एक. शाळेत हजेरी घेतल्यासारखी. कोणी डोळ्यांनी अधू, कोणी कंबर मोडलेलं, कोणी जन्माचं उशिरा उठणारं— आणि सगळे अंधारात एकाच क्षणी बटण दाबतायत.

मानेवर काहीतरी फिरल्यासारखं झालं. वळून पाहिलं तर एसीचा वारा.

८ नोव्हेंबर, शनिवार

पहाटे मोबाईल वाजला. ‘आत्या : ठीक.’ रोज वाजतो, मी कूस बदलून परत झोपतो. आज उठून बसलो.

९ नोव्हेंबर, रविवार

आत्याबद्दल लिहायला हवं. टाळतोय खरा. मघाशी पेनात शाई भरायच्या नावाखाली दोन गल्ल्या फिरून आलो. पेन बॉलपेन आहे.

आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. बाबा कामासाठी दूर गेले ते दूरचेच झाले. मला ‘भिंगऱ्या’ म्हणते, एका जागी फिरतो तेवढा वेळ उभा, थांबलो की पडतो म्हणून. आता एकटी असते, इथून दीड दिवसाच्या रस्त्यावर. नोकरीला लागलो तेव्हा कळलं, कर्मचाऱ्याला एक खातं फुकट. लगेच तिला टॅबलेट धाडला. केवढा कर्तबगार वाटलो होतो स्वतःला!

त्याच सुमारास मोबाईलचं सिम बदललं. नवा नंबर तिला द्यायचा राहिला. राहिला म्हणजे— दिला असता तर दर दोन दिवसांनी ‘जेवलास का, खोकला गेला का, लग्नाचं काय.’ बटण बरं. बटण काही विचारत नाही. पहिले काही दिवस ‘पाहिलं’ दाबायचो. मग नुसताच निरोप बघायचो. मग तोही नाही.

आज तिला फोन लावला. बंद. बॅटरी झिजते म्हणून ती फोन बंदच ठेवते, हे मला पक्कं ठाऊक आहे. ठाऊक असून दिवसभर लावत बसलो.

१० नोव्हेंबर, सोमवार

मास्तर माझ्याआधी हजर! निरोप्या उघडून बसले होते. मला स्टूल ओढायला लावलं.

“हे बघा तुमच्या नव्या नोकराचं पोट.”

सगळ्या साध्या ओळी, आणि शेवटी एक लांबलचक, अक्षरांचा नुसता चिवडा. मास्तरांनी तो सोडवून दाखवला. मला कळलं तेवढं लिहितो. प्रत्येक घर ॲपमध्ये शिरतं तेव्हा त्याला एक चावी मिळते. निरोप्या तिची नक्कल बाहेर पाठवतो, कुठे ते ठाऊक नाही. आमचा नियम असा की एक दिवस वापरली नाही तर चावी मरते. म्हणून तिकडे बसलेला कोणीतरी रोज पहाटे प्रत्येक चावीने आमचं दार उघडतो आणि त्या घराचा शेवटचा निरोप परत म्हणतो.

‘ठीक.’

“त्याला म्हाताऱ्यांशी देणंघेणं नाही,” मास्तर म्हणाले. “त्याला चाव्या जिवंत ठेवायच्यात. माणसं मेली तरी चालतील.”

“पण इशाऱ्यानेच सांगितलं होतं ना, नवा घ्या म्हणून!”

“भोक जुन्यात होतं, ते खरं. नव्यात भोक नाही. नव्यात माणूस आहे.”

निरोप्या मुळात ज्याने लिहिला त्याला मास्तरांनी पत्र टाकलं. उत्तर लगेच आलं, जसा वाटच बघत होता. मास्तरांनी मला मराठीत करून सांगितलं. तो एकटाच हे सगळं सांभाळायचा. थकला होता. मग एक जण मदतीला आला. वर्षभर चुका काढून दिल्या, लोकांना उत्तरं दिली, कधी रागावला नाही, कधी सुट्टी घेतली नाही. याची, म्हणजे पत्र लिहिणाऱ्याची, आई आजारी होती, तर दर आठवड्याला विचारायचा, आई कशी आहे? आई गेली तेव्हा सगळ्यात आधी त्याचंच सांत्वन आलं. याने विश्वासाने सगळं त्याच्या हाती दिलं. चेहरा पाहिलेला नाही. आवाज ऐकलेला नाही. खाली लिहिलं होतं, ‘तो माणूस आहे की कसं, तेही मला आता सांगता येत नाही.’

मोठ्या बाईंना सांगायला आम्ही दोघं गेलो. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. तीनशेच्या वर हिरवे ठिपके.

“यातलं खरं ठीक कोण आहे?”

दिवसाचं पहिलं बटण तेवढं पडद्यावर दिसतं. मागून कोणी खरंच दाबलं असेल तर ते आमचं आम्हीच फेकून देतो. तशी सोय आम्हीच केलेली.

मास्तर म्हणाले, निरोप्या काढून टाकलाय, पण चाव्या त्याच्याकडे गेल्याच आहेत. सगळ्या चाव्या आत्ताच बदलू या. बाई म्हणाल्या, “चाव्या बदलल्या की सगळी घरं बाहेर. परत आत कशी येणार? पासवर्ड कुणाच्या नातवाने टाकलेला, कुणाच्या जावयाने. उद्या खरंच कोणी पडलं आणि बटणच चालत नसेल तर?”

“पण तोवर तो आत राहील.”

“राहू दे. आधी फोन. प्रत्येक घरी. माणसाचा आवाज कानाने ऐकल्याशिवाय नावापुढे खूण करायची नाही. माझी माणसं आधी, मग चोर.”

जाताना मला म्हणाल्या, “केक तुझ्यासाठी नव्हता, समजलं? म्हणजे चूकही तुझ्या एकट्याची नाही.” हे बरं वाटावं म्हणून बोलल्या असतील. वाटलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सगळे फोनवर. मास्तरसुद्धा. मास्तरांना फोनवर बोलता येत नाही हे आज कळलं. “नमस्कार, आपण जिवंत आहात का” अशी सुरुवात केली त्यांनी! चिमणीने हातातून यादी ओढून घेतली.

एक आजोबा म्हणाले, “अहो, मी बटण दाबतच नाही आताशा. नाही दाबलं तरी चालतं, तुम्ही फोन करत नाही!” एका आजींनी टॅबलेट खिडकीला टेकू दिलाय, वाऱ्याने आपटते म्हणून. एक जण मला सोडेचनात. मांजराला झालेली पिल्लं, त्यांचे रंग, त्यातलं एक लबाड कसं— मीही ऐकत बसलो. लबाड पिल्लू खरंच लबाड होतं. चिमणीने डोळे वटारले.

मग दुपारी तिच्या टेबलाशी एकदम शांत झालं. एक आजी फोन उचलत नव्हत्या. शेजाऱ्याने दार तोडलं. न्हाणीघरात पडलेल्या, आदल्या दिवसापासून. जिवंत. शुद्धीवर. नळाखाली हात धरून ओठ ओले करत होत्या. शेजाऱ्याला म्हणाल्या, “नऊ वाजले की त्या मुलीचा फोन येईल म्हणून वाट बघत होते.”

आणि आमच्याकडे त्यांचा ठिपका दोन्ही दिवस हिरवा.

चिमणी जिन्यात जाऊन बसली. मी मागे गेलो. म्हणाली, “काही बोलू नकोस. बोललास तर मी रडेन, आणि माझी अजून अर्धी घरं राहिलीत.” पाणी दिलं. प्यायली. परत जाऊन बसली.

आत्याचा फोन बंद. शेजारी म्हणून, तिच्या घराखालीच दुकान असलेल्या शिंपीकाकांचा नंबर दिला होता. मीच भरलेला. लावला तर लागेना. मोजला तर एक आकडा कमी! एवढी अक्कल चालवणारं ॲप, आणि नऊ आकडी नंबर निमूट गिळून बसलं! आणि मी— मी तर माणूस आहे ना!

तिचं पान उघडलं. हिरवं, हिरवं, हिरवं. प्रत्येक ‘ठीक’च्या खाली नातेवाइकाची ओळ असते. तीही भरलेली. ‘पाहिलं.’ रोज. पहाटे, तिच्या पाठोपाठ. माझ्या नावाने.

मी ‘पाहिलं’ दाबलेलं नाही. कित्येक दिवसांत नाही. पण माझ्या मोबाईलवरही तेच ॲप, म्हणजे माझीही चावी त्याच्याकडे आहे, आणि माझाही शेवटचा निरोप त्याला ठाऊक आहे.

म्हणजे रोज अंधारात आत्या ठीक म्हणते, मी पाहिलं म्हणतो. आणि दोघांपैकी एकही जण तिथे नसतो.

शुक्रवारच्या त्या फोनवाल्याच्या गेलेल्या बाबांच्या रांगेत मीही उभा आहे, असं वाटलं. हात टेबलावर ठेवून बघितला. होता.

मोठ्या बाई मागे केव्हा आल्या कळलं नाही. म्हणाल्या, “बस किती वाजता आहे?”

१२ नोव्हेंबर, बुधवार, बसमध्ये

अक्षर नाचतंय, बसला दोष द्या. कोणाला सांगतोय मी? असो.

पहाटे मोबाईल वाजला. ‘आत्या : ठीक.’ एरवीचेच शब्द. पण आज उलट विचारावंसं वाटलं— कोण बोलतंय?

मधे बस थांबली. थांब्यावर एक जण जुनी खेळणी दुरुस्त करत बसलेला. पंख मोडलेलं विमान, डोळे उघडमीट करणारी बाहुली. बाहुलीचा एक डोळा त्याने चिमटीत धरलेला. एरवी मी उतरलो असतो आणि बस गेली असती, असं दोनदा झालंय. आज जागेवरून हललो नाही. शेजारचा म्हणाला, “पाय मोकळे करा की.” म्हटलं, नको.

ती पडली असेल तर कुठे पडली असेल, याचीच चित्रं. मोरीत. जिन्यात. पलंगाच्या पलीकडे भिंतीशी, जिथे मी लहानपणी लपायचो आणि तिला सापडायचो नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

उजाडायच्या आत पोचलो. शिंपीकाका दुकानातच झोपतात. शटरवर थाप मारली. डोळे चोळत बाहेर.

“अरे भिंगऱ्या! वाळलास की रे.”

“आत्या?”

“वर असतील की.” मग थोडं थांबून, “दिसल्या नाहीत खऱ्या आठ-दहा दिवस. मी म्हटलं, तुझ्या त्या बटणाची सोय आहे. आधी रोज जिन्यातून हाक मारायचो मी. तू यंत्र लावलंस, मग म्हटलं, आपण कशाला लुडबुड.”

दाराला ओढून घ्यायचं कुलूप. आतून बंद की बाहेरून, सांगता येत नाही. जादा किल्ली काकांकडे होती. ती सापडेपर्यंत मी कान दाराला लावून उभा. आत काहीच नव्हतं. नुसतं काहीच नव्हतं.

उघडलं. बंद घराचा वास— बाकी कसला नाही, एवढं आधी कळलं. हाक मारली. माझाच आवाज स्वयंपाकघरात जाऊन परत आला. मोरी पाहिली. पलंगाची पलीकडची बाजू पाहिली. पाहताना डोळे मिटले होते, मग उघडावे लागले. कोणी नाही. अंथरूण घडी घातलेलं. कप धुऊन उपडा. दोरीवरची साडी वाळून पत्र्यासारखी कडक. कुंडीतलं झाड मान टाकलेलं. मोबाईलचा चार्जर भिंतीत तसाच लटकलेला, पुढे फोन नाही.

टॅबलेट कपाटाच्या खणात होता, टॉवेलमध्ये गुंडाळलेला. एखाद्याचं तोंड झाकावं तसा. बटण दाबलं. काळा. केव्हाचा मेलेला. पडद्यावर माझंच तोंड.

तो तसा हातात असताना खिशात मोबाईल वाजला.

‘आत्या : ठीक.’

आणि मी बघतोय तोवर, माझं बोटही लागलेलं नसताना, खाली उमटलं— ‘पाहिलं.’

काकांनी दारातून विचारलं, “काय म्हणतात?”

“ठीक म्हणते.”

“कोण?”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते एक पाऊल मागे सरले, जिन्यात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पहाटे मोबाईल वाजला नाही. जागाच होतो. मास्तरांनी चाव्या बदलल्या असणार. तो खोटा आवाज नको होता, पण तोही गेला तर घर जास्तच रिकामं वाटलं. लाज वाटली त्याची.

चौकीत तक्रार दिली. हवालदार म्हणाला, “शेवटची बातमी कधीची?” काय सांगू? काल सकाळची? म्हटलं, माहीत नाही. “भाचा ना तुम्ही?” म्हणाला आणि लिहीत राहिला.

कुंडीला पाणी घातलं. काकांबरोबर ओढ्यापर्यंत, विहिरीपर्यंत फिरलो. काका वाकून बघायचे. मी नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आत्ता चिमणीचा फोन आला. “आधी बस. बसलास? इथे एक बाई आल्यात. हातात पिशवी, फोन मेलेला. तुझ्या सगळ्या जुन्या नोकऱ्या पालथ्या घालत, लोकांना विचारत विचारत इथवर आल्यात. म्हणतात, ‘पोरगं साधं पाहिलंही म्हणेना, तेव्हा रागाने मीच बटण दाबायचं सोडलं, म्हटलं बघू, धावत येतो का. तर रोज पहाटे पाहिलं, पाहिलं! आमचं ध्यान कधी पहाटे उठलंय? तेव्हाच म्हटलं, हा आमचा पोरगा नव्हे. पोराचं काहीतरी बरंवाईट झालंय.’ ”

म्हटलं, दे तिला फोन.

पिशवी खाली ठेवल्याचा आवाज. मग हळूच, दबकत— “आधी सांग. तू तूच ना?”